खांद्याचं हाड जुळलं, पण मित्र सायकलला हात लावत नाही. आम्ही काय करायचं?

घाटवेडा (सिंहगड रस्ता)

नमस्कार मंडळी. सायकलवाल्यांकडून, विशेषतः पडून पुन्हा उभं राहिलेल्यांकडून, सल्ला हवाय.

आमचा पाच जणांचा गट आहे. रविवारी पहाटे खडकवासला-पानशेत नाहीतर कात्रजचा जुना घाट, हे ठरलेलं. ज्याच्याबद्दल लिहितोय तो शाळेत गणित शिकवतो आणि आमच्यात सगळ्यात चिवट तोच. यंदा त्याला एसआर करायचं होतं. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो: २००, ३००, ४०० आणि ६०० किलोमीटरच्या चार बीआरएम, म्हणजे लांब पल्ल्याच्या सायकल फेऱ्या (यांनाच ब्रेव्हेही म्हणतात), एकाच हंगामात, म्हणजे १ नोव्हेंबर ते ३१ ऑक्टोबर या काळात, ठरलेल्या वेळेत पूर्ण केल्या की तुम्ही सुपर रँदोनर. २०० ला साडेतेरा तास, ३०० ला २०, ४०० ला २७ आणि ६०० ला ४० तास मिळतात. २०० आणि ३०० त्याने हसत खेळत केल्या. ४०० ला साताऱ्याकडून परत येताना, मध्यरात्र उलटून गेल्यावर, शिरवळजवळ सर्व्हिस रोडवर पसरलेल्या खडीवरून पुढचं चाक घसरलं. कॉलरबोनचे तुकडे झाले. प्लेट आणि स्क्रू बसवावे लागले.

आता हाड जुळलंय. डॉक्टरांनी एक्स-रे बघून सायकलला परवानगी दिली, त्यालाही महिना होत आला. पण सायकल बाल्कनीत उभी आहे, वर जुनी चादर टाकलेली. मधल्या काळात तो व्हॉट्सॲप ग्रुपमधून काही न बोलता बाहेर पडला. फोन केला की नीट बोलतो, शाळेचं बोलतो, क्रिकेटचं बोलतो. रविवारचा विषय निघाला की "तुम्ही जाऊन या रे, मी बघतो". वहिनींचं म्हणणं स्पष्ट आहे, रात्रीची सायकल पुन्हा नको. त्या रात्री फोन त्यांनाच गेला होता, त्यामुळे त्यांना काय बोलणार.

२०२७ ची पॅरिस-ब्रेस्ट-पॅरिस त्याच्या डोक्यात होती. १२०० किलोमीटर, जास्तीत जास्त ९० तास, चार वर्षांतून एकदा. त्यासाठी त्या वर्षी चारही ब्रेव्हे पूर्ण झालेल्या लागतात, आणि आदल्या वर्षी जितकी लांब ब्रेव्हे केली असेल तितक्या लवकर नोंदणी करता येते. त्याने हा सगळा हिशोब घरातल्या फळ्यावर मांडून ठेवला होता. तो आता पुसलाय.

माझा प्रश्न साधा आहे. त्याला बोलावत राहावं की काही दिवस एकटं सोडावं? ज्यांच्यावर ही वेळ आली त्यांच्या मित्रमैत्रिणींनी नेमकं काय केलं? "धीर द्या" एवढं सांगू नका, तो देऊन झालाय.

---

सकाळचीसायकल (सहकारनगर)

घाटवेडा, तुमच्या मित्राची ती चादर वाचून मी चहा तसाच ठेवला आणि लिहायला बसले. माझीही कॉलरबोन मोडली होती, बोपदेव घाट उतरताना. प्लेट लागली नाही, स्लिंगवर निभावलं. हाड जुळायला मोठ्या माणसाला साधारण ६ ते १२ आठवडे लागतात, तसे लागले. माझं खरं दुखणं त्यानंतर सुरू झालं, जेव्हा सगळे म्हणू लागले की चला, झालीस आता बरी.

आधी काय नको ते सांगते. "तुझ्याशिवाय मजा येत नाही" हे वाक्य कृपया कुणी म्हणू नका. म्हणणाऱ्याच्या मनात प्रेमच असतं. पण ऐकणाऱ्याला वाटतं, आपल्यामुळे पाच जणांचा रविवार बिघडतोय, आणि तो आणखी लांब जातो. घाटमाथ्यावरचे फोटो, स्ट्राव्हा ॲपवरचे आकडे, "कमबॅकची वाट पाहतोय" हेही तसंच. मी रविवारी सकाळी फोन बंद करून ठेवायचे. तुमचा मित्र ग्रुपमधून बाहेर पडला त्याचा राग मानू नका. त्याला परत ॲड करू नका, चौघांपैकी एकाने वेगळं बोलत राहा.

माझ्या बाबतीत उपयोगी पडली ती अगदी बारीकसारीक कामं. उजवा हात गळ्यात बांधलेला असताना बाईला वेणी घालता येत नाही. माझे केस कमरेपर्यंत. नवऱ्याने एकदोनदा प्रयत्न केला, तो गुंता सोडवायलाच वेळ लागला. गटातली एक मैत्रीण अरण्येश्वरला राहते, ती ऑफिसला जाण्याआधी येऊन वेणी घालून द्यायला लागली. डोक्यावर तेल थापायचं, मधोमध भांग, घट्ट तीन पेडांची वेणी, खाली काळं रबर. सायकलबद्दल ती एक अक्षर बोलायची नाही. सोसायटीतलं पाणी, तिच्या मुलीची बारावी, मंडईत काय भाव चाललेत. मला तेव्हा कळलं नाही, पण गटाशी माझा धागा त्या वेणीमुळे टिकला. सायकल चालवत नसले तरी मी त्यांची आहे, हे मला कुणी शब्दांत सांगायची गरज पडली नाही.

दुसऱ्या एकाने माझी सायकल नेली. विचारलं नाही, नवऱ्याला फोन करून घेऊन गेला. पडल्यावर डिरेलरचा हँगर, म्हणजे गिअर बदलणारा भाग जिथे फ्रेमला टांगलेला असतो तो तुकडा, वाकतो, तो बदलला. फोर्क आणि हँडल नीट तपासून घेतलं, कारण कार्बनला आतून तडा गेला तर वरून कळत नाही. फाटलेली बार टेप काढून नवी गुंडाळली. आणि हेल्मेट टाकून दिलं. हे सगळ्यांनी लक्षात ठेवा: हेल्मेटच्या आतला फोम एकदाच दबतो. बाहेरून धड दिसलं तरी पडलेलं हेल्मेट परत डोक्यावर घालायचं नाही. सायकल घरी आली तेव्हा तिच्यावर त्या दिवसाची एकही खूण नव्हती. तुमच्या मित्राच्या सायकलवर अजून शिरवळचा चिखल आणि ओरखडे असतील, तर तो चादर कशाला काढेल? एवढं काम तुम्ही या आठवड्यात करू शकता. वहिनींना विचारून करा.

आता मुख्य गोष्ट.

तेव्हा आमच्या ओळखीच्या मंडळींची ४०० ची बीआरएम होती. पुण्याहून निघून कोल्हापूरच्या दिशेने पेठ नाक्याच्या आसपास वळायचं आणि परत. परतीचा साधारण ३०० किलोमीटरचा कंट्रोल, म्हणजे वेळेत पोचून कार्डावर शिक्का घ्यायची जागा, सुरूर फाट्याजवळ एका ढाब्यावर होता. सकाळी सहाला निघालेल्यांना तिथे रात्री दोनपर्यंत पोचायचं असतं. कंट्रोलवर बसायला माणूस कमी पडत होता. वेणीवाली मैत्रीण म्हणाली, "शिक्का मारायला डावा हात चालतो. येतेस का?" तिने मला बरं वाटावं म्हणून विचारलं असतं तर मी नाही म्हटलं असतं. खरंच माणूस हवा होता, म्हणून गेले.

प्लॅस्टिकची खुर्ची, टेबलावर विजेरी, शिक्का, पेन, केळ्यांचा घड, मीठ-साखरेच्या पाण्याचा कॅन. येणाऱ्याचं कार्ड घ्यायचं, वेळ लिहायची, शिक्का मारायचा. ब्रेव्हेमध्ये बाहेरची मदत फक्त कंट्रोलवर घेता येते, मधल्या रस्त्यावर गाडी मागे ठेवता येत नाही. त्यामुळे माणूस कंट्रोलवर येतो तेव्हा सगळं काही तिथेच हवं असतं. साडेबाराच्या सुमारास एक कोवळा मुलगा आला, पहिलीच ४०० असावी. बोटं इतकी आखडलेली की कमरेच्या पाऊचची चेन उघडेना. मी डाव्या हाताने ती उघडली, कार्ड काढलं, शिक्का मारला, त्याला बसवलं. दोन केळी खाऊन झाल्यावर तो म्हणाला, "ताई, बोगद्यानंतरचा उतार कसा आहे? रात्री कधी केला नाही."

मी सांगायला लागले. जाताना खंबाटकीचा घाट चढलास, येताना मात्र बोगद्यातून यायचंय. बोगद्यापर्यंत चढ आहे, तिथे जॅकेट उघडं ठेव, घाम येतो. बोगद्यात शिरायच्या आधी मागचा दिवा बघून घे. बाहेर पडलास की लगेच वेग धरतो, आणि पुढे ते एस वळण आहे, ट्रक तिथे आतल्या बाजूला झुकतात. वळणाच्या आधी ब्रेक लाव, वळणात नको. चाकापुढे बघू नकोस, जिथे जायचंय तिथे बघ. तो माना डोलवत होता आणि मी बोलत होते. बोलता बोलता जाणवलं की हा सगळा रस्ता माझ्यात अजून जसाच्या तसा आहे. पडल्यापासून मी स्वतःला 'पडलेली बाई' म्हणून ओळखत होते. त्या पोराला माझी ती ओळख माहीतच नव्हती. त्याच्यासाठी मी रस्ता ठाऊक असलेली ताई होते.

तुमच्या मित्राला असं काम द्या. तो गणिताचा माणूस आहे, फळ्यावर हिशोब मांडतो. मग चौघांच्या पुढच्या ६०० चा हिशोब त्याला करू द्या: कुठला कंट्रोल किती वाजता बंद होतो, कुठे झोपायचं, किती वेळ हातात ठेवायचा. पण काम खरं असू द्या. त्याने जे आखलं तेच पाळा. लहान मुलाला पोळी लाटायला छोटा गोळा देतात आणि मग ती पोळी कुणी खात नाही, तसं करू नका.

उताराच्या भीतीबद्दल. मला चढाची भीती कधीच वाटली नाही. सपाटीवरही नाही. उतार आला की बोटं ब्रेकवर गोठायची. गटातल्या काकांनी जी युक्ती केली ती सांगते. आम्ही बोपदेवला गेलो, पण माथ्यावर नाही. पायथ्याकडचं शेवटचं वळण आहे ना, फक्त त्याच्या वर थोडं चढून थांबलो आणि तेवढंच उतरलो. काका माझ्या पुढे, आणि तोंडाने चालू: "डावीकडे खड्डा... खडी... आता मोकळं... दुचाकी येतेय." मला फक्त त्यांच्या पाठीकडे बघायचं होतं. पुढच्या रविवारी त्याच्या वरचं वळण. त्याच्या पुढच्या रविवारी आणखी एक वर. असं घाट खालून वर शिकत गेले. प्रत्येक वेळी उताराचा शेवट ओळखीचा असायचा, नवीन फक्त सुरुवातीचा तुकडा. जिथे पडले होते ते वळण मधे कधीतरी येऊन गेलं. कुणीही तिथे थांबलं नाही, बोललं नाही, आणि ते फार बरं झालं.

वहिनींविषयी. माझ्या नवऱ्याला कुणी समजावायला आलं असतं तर तो आणखी बिथरला असता. काका आले, चहा प्यायले आणि त्याला विचारलं, "तुम्हाला नेमकी कशाची काळजी वाटते?" तो म्हणाला, फोन लागत नाही तेव्हाची. मग तेवढ्यावरच तोडगा निघाला: लाइव्ह लोकेशन, ठरलेल्या ठिकाणाहून मेसेज, आणि मी गटाच्या शेवटी कधीच एकटी नसेन. नंतर तोच एकदा गाडी घेऊन सासवडपर्यंत आला. वहिनी रात्रीला नाही म्हणतायत ना, मग दिवसाची २०० तर आहे. रात्रीचं पुढे बघता येईल, आणि नाहीच जमलं तर त्यांचा शब्द राहू द्या.

---

फिजिओ_कोथरूड

वरचा प्रतिसाद मी पेशंटना वाचायला देणार आहे. थोडी शरीराची बाजू जोडतो.

एक्स-रेवर हाड जुळलेलं दिसणं ही पहिली पायरी. सायकलवर शरीराचा बराच भार हातांवर येतो, आणि स्लिंगमध्ये राहून खांदा आखडतो, पाठीच्या फऱ्याजवळचे स्नायू कमकुवत होतात. त्यामुळे घाटवेडा, तुमचा मित्र "मी बघतो" म्हणतो त्यामागे दुखणंही असू शकतं, जे तो सांगत नाही. त्याला सहज विचारा: हात पूर्ण वर जातो का? भिंतीला टेकून जोर काढताना दुखतं का? त्या कुशीवर झोपता येतं का? उत्तर नाही असेल तर आधी व्यायाम, मग रस्ता. दरम्यान घरात ट्रेनरवर, म्हणजे जागच्या जागी चालवायच्या स्टँडवर, सायकल चालवता येते, तिथे खड्डा नाही आणि गाड्याही नाहीत. प्लेट असलेल्यांना पाठपिशवीचा पट्टा हाडावर घासून त्रास होतो, म्हणून पाणी आणि सामान फ्रेमवरच्या पिशवीत.

दुसरं थोडं गंभीर. पडल्याचा क्षण पुन्हा पुन्हा डोळ्यांसमोर येणं, झोप मोडणं, त्या रस्त्याने कारनेसुद्धा जायला नको वाटणं, हे सुरुवातीचे काही आठवडे होऊ शकतं. महिन्याहून जास्त टिकलं आणि कामावर परिणाम होत असेल तर मानसोपचारतज्ज्ञ किंवा समुपदेशकाकडे जायला हवं. ते मित्रांचं काम नाही. मित्रांनी सोबत जायचं आणि बाहेर बाकावर बसायचं. सरकारची टेलिमानस हेल्पलाइन आहे, १४४१६, तिथे मराठीतही बोलता येतं.

---

डेक्कनचे_आजोबा

मी जरा वेगळं म्हणतो. बोलावण्याची घाई नको.

तरुणपणी आम्ही मुंबई-पुणे सायकल शर्यतीची तयारी करायचो. बोरघाट पहिला चढणाऱ्याला 'घाटाचा राजा' म्हणत, आणि आमच्या तालमीतल्या प्रत्येकाला तेच व्हायचं होतं. गुडघ्याने दगा दिला आणि एका वर्षी मला घरी बसावं लागलं. मित्र रोज दारात. त्यांच्या तोंडाकडे बघून मी वेळेआधी सायकलवर बसलो आणि दुखणं वाढवून घेतलं. तेव्हा माणसाला रडू द्यायची, गप्प बसू द्यायची मुभाही मित्रच देऊ शकतात.

पण एक खरं. एकट्याच्या बळावर कुणी उभं राहत नाही. खाशाबा जाधव १९४८ ला लंडनला सहावे आले. १९५२ ला हेलसिंकीला जायचं तर पैसे नव्हते. गावच्या लोकांनी वर्गणी काढली, राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी आपलं घर गहाण ठेवून सात हजार दिले. तेव्हा कुठे कांस्यपदक आलं, स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक. आपल्याकडे खेळाडूच्या मागे नेहमी अशी माणसं उभी राहिली आहेत. घर गहाण ठेवा असं म्हणत नाही, सकाळचीसायकल यांच्या मैत्रिणीसारखी रोज वीस मिनिटं द्या.

---

घाटवेडा

सगळ्यांचे मनापासून आभार. आजोबा, तुमचं पटलं, म्हणून बोलावणं बंद केलंय.

काल आमच्यातला एक जण वहिनींशी बोलून सायकल घेऊन आला. खरंच चिखल तसाच होता, आणि मागच्या चाकाच्या स्पोकमध्ये गवताची काडी अडकलेली. हँगर वाकलाय, हेल्मेटला मागून चीर आहे. दोन्ही बदलतोय.

आणि हिशोब त्याला दिला. डिसेंबरमध्ये आम्ही तिघे ३०० करणार आहोत. मी त्याच्या घरी जाऊन म्हटलं की मला कंट्रोलच्या वेळा जमत नाहीत, जे खरंच आहे, मागच्या वेळी शेवटच्या कंट्रोलला आम्ही थोडक्यात वाचलो होतो. त्याने आधी कागद बाजूला सरकवला. वहिनी पोहे घेऊन आल्या, तोवर मी निघायच्या बेतात होतो. मग तोच म्हणाला, "तुम्ही पहिल्या शंभरात फार उडवता, म्हणून शेवटी मरता." आणि पेन घेतलं. तासभर बसलो. खांद्याचं विचारलं, तर हात वर जाताना अजून ओढ बसते म्हणाला. फिजिओंनी सांगितलेले प्रश्न विचारले, दोन उत्तरं नाहीच होती. सोमवारी त्याच्यासोबत जातोय.

सकाळचीसायकल, त्या ३०० ला सुरूरजवळच्या कंट्रोलवर माणूस हवाय असं आयोजक म्हणाले. त्याला विचारू का? तो शिरवळवरूनच जाणार, म्हणून मन कचरतंय.

---

सकाळचीसायकल (सहकारनगर)

विचारा. पण रस्त्याचं आधीच सांगा, त्याला गाडीत बसल्यावर कळायला नको. नको म्हणाला तर दुसऱ्या बाजूचा एखादा कंट्रोल बघा, किंवा सुरुवातीच्या ठिकाणी पहाटे कार्ड वाटायला उभं करा. तिथेही माणूस लागतोच. हो म्हणाला तर मी पण येते, दोघांची ड्यूटी लावून घ्या. डिसेंबरात तिकडे उघड्यावर चांगलीच थंडी असते आणि प्लेटच्या जागी थंडी लागली की ठणकतं, त्याला जाड जॅकेट आणि खांद्यावर शाल न्यायला सांगा. शिक्क्याची शाई मी आणते.